तिसरी प्रत अकोल्याला

आमच्या मुलीच्या बारशाला खोलापूरकर मॅडम आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि पोरीचा चेहराही न पाहता मला म्हणाल्या, "या नावाचं घरात आणखी कोणी आहे का?"

मी म्हटलं, आहे ना, चुलतभावाची मुलगीसुद्धा ईश्वरीच आहे. मॅडमचा चेहरा उतरला. "मग काहून ठेवलं? एका घरात एका नावाच्या दोघी. पुढे घोळ होते, गावंडे." मग त्यांनी झबलं-टोपडं दिलं, बुंदीचे दोन लाडू खाल्ले आणि जाताना माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की आता नाव ठेवलंच आहे तर निदान त्यापुढे गावाचं नाव लावत जा. आई वलगावची, उभा जन्म शेतात गेलेला. 'त्या नाववाल्या बाई बऱ्या आहेत का' असं ती आजही अधूनमधून काळजीनं विचारते.

मॅडम बऱ्या आहेत. त्या आमच्या अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. लग्न केलं नाही, आणि रिटायर व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. काही वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं, की संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी गोळा केलेली माहिती, म्हणजे आकडे, फोटो, मुलाखती, सगळं नीट जपून ठेवायचं. हे काम कोणी घेईना, म्हणून प्राचार्यांनी ते मॅडमच्या गळ्यात मारलं. मॅडमनी ते इतकं मनावर घेतलं, की त्या कॉरिडॉरमध्ये दिसल्या की भलेभले पीएचडीवाले बाथरूमकडे वळू लागले.

वळून उपयोग नव्हता. मॅडम बाहेर उभ्या राहायच्या. त्यांचे प्रश्न दोनच. पहिला, "नाव काय त्याचं?" म्हणजे तुमच्या फायलीचं. दुसरा, "उद्या तू मेला तर?" म्हणजे तुमच्या मागे ही फाईल कशाची आहे ते कोणाला कळेल. हा दुसरा प्रश्न त्या अगदी शांतपणे विचारतात, 'चहा घेतोस का' हे विचारावं इतक्या सहज. आमच्या हिंदीच्या सरांना त्यांनी तो त्यांच्या लग्नाच्या स्वागत समारंभात, स्टेजवर, बायकोसमोर विचारला होता. नवरी बिचारी पुण्याकडची. आपण नेमक्या कुठे येऊन पडलो, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

इतिहासाच्या सरांनी रिद्धपूरला जाऊन जुन्या पोथ्यांचे फोटो काढले होते. फायलींची नावं होती 'रिद्धपूर', 'रिद्धपूर नवे', 'रिद्धपूर खरे' आणि 'हेच घ्या'. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, की 'हेच घ्या' हे कोणाला उद्देशून आहे. त्या दिवशी मॅडमनी त्यांच्याकडून एकेका फोटोला नाव देववलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग पोथी. सर संध्याकाळी घरी गेले ते डोळ्यांत थेंब घालूनच.

मॅडमच्या घरी गेलं, की ही शिस्त स्वयंपाकघरापर्यंत गेलेली दिसते. तिखटाच्या डब्यावर चिठ्ठी, तिच्यावर आधी वर्ष. हळदीवर तेच. आंब्याच्या लोणच्याच्या तीन बरण्या. एक घरी, एक डिपार्टमेंटच्या कपाटात आणि एक अकोल्याला, भावाकडे. कारण मॅडमचा नियम असा, की जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही तिच्या तीन प्रती पाहिजेत आणि तिसरी दुसऱ्या गावात पाहिजे. लोणचं पुन्हा घालता येतं की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "त्या वर्षीचा आंबा कुठून आणशील?" असं विचारून त्यांनी मला गप्प केलं.

लोणच्याचं जे, तेच आमच्या संशोधनाचं. एक प्रत ज्याची त्याच्या लॅपटॉपमध्ये. दुसरी डिपार्टमेंटच्या हार्डडिस्कवर, कपाटात, लोणच्याच्या वरच्या कप्प्यात. आणि तिसरी हार्डडिस्क दर शनिवारी मॅडम स्वतः एसटीनं अकोल्याला नेतात, आधीची परत आणून कोरी करतात. स्टीलच्या डब्यात, खाली कोरडे तांदूळ, वर डिस्क, वरून झाकण. डबा मांडीवर. कंडक्टर ओळखीचे झाले आहेत. त्यांची समजूत अशी, की मॅडम दर आठवड्याला कोणासाठी तरी प्रसाद नेतात.

नवे प्राचार्य हुशार आणि हसतमुख. ते म्हणाले, मॅडम, आता सगळं जग इंटरनेटवर ठेवतं, तुम्ही एसटीत कशाला बसता? मॅडम म्हणाल्या, तिथे कोणाच्या घरी ठेवतात ते मला माहीत नाही, अकोल्याला कोणाच्या घरी आहे ते माहीत आहे. आणि अमरावतीला असं काय होणार आहे, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मॅडमनी आग, पूर आणि भूकंप अशी नावं घेतली आणि प्राचार्यांकडे बघून क्षणभर थांबल्या. प्राचार्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

अकोल्याचा हा भाऊ म्हणजे बाळदादा. मॅडमपेक्षा बराच मोठा, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेला. त्याच्याबद्दल मॅडम फार बोलत नसत, पण एक गोष्ट कौतुकानं सांगत. दादा नवी डिस्क हातात पडल्याशिवाय जुनी बाहेर काढत नाही. आणि बहिणीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. कपाटाची किल्ली त्याच्या जानव्याला असते. "रेकॉर्ड रूमचा माणूस आहे," असं म्हणताना मॅडमचा आवाज जरा वर चढायचा. हे त्यांचं एकमेव गर्विष्ठ वाक्य.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी भूगोलाचा. दर्यापूरपासून मूर्तिजापूरपर्यंतचा पट्टा खारपाणाचा; जमिनीखालचं पाणी खारट. पण त्यातही एखाद्या गावात एक विहीर खारी असते आणि हाकेच्या अंतरावर दुसरी गोडी असते. असं का होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. प्रत्येक गावातल्या या दोन विहिरी मी धरल्या होत्या. महिन्याच्या महिन्याला मोटारसायकलवर जायचं, पाण्यात मीटर सोडायचा, आकडे मीटरमधून सरळ लॅपटॉपमध्ये. कागदावर काही नाही. फायलींना मी नाव देई ते माझ्या पद्धतीचं, गावाचं नाव आणि पुढे 'गोडी' किंवा 'खारी'. मॅडमना ही नावं बघवत नव्हती. ही फायलींची नावं आहेत की दोन बहिणींची, असं त्या म्हणत.

एका सोमवारी त्यांनी माझा लॅपटॉप मागून घेतला आणि सगळ्या फायलींची नावं एका फटक्यात बदलून टाकली. वर्ष, महिना, दिवस, गाव. दिसायला फार सुंदर दिसत होतं. लगेच कपाटातल्या डिस्कवरही तेच केलं आणि लॅपटॉप मला परत दिला. मी मनापासून आभार मानले.

शुक्रवारी माझी समिती बसणार होती. आजवरचं काम दाखवायचं, आणि ते पटलं तरच पुढची परवानगी. बुधवारी सकाळी मी तक्ते करायला बसलो आणि बघतो तर प्रत्येक गावाची एकच विहीर. मी सगळे कप्पे उघडले, कचऱ्याची टोपली उघडली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. एकच विहीर, आणि तीही खारी. एकाच गावाच्या, एकाच दिवसाच्या दोन फायली. 'गोडी' आणि 'खारी' हे शब्द काढून टाकल्यावर दोघींचं नाव एकच झालं होतं. एका नावाच्या दोन फायली एका जागी राहत नाहीत. दुसरी आली आणि पहिलीच्या जागेवर बसली. माझ्या संशोधनातलं सगळं गोड पाणी गेलं होतं.

मी लॅपटॉप उघडाच घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. कपाटातली डिस्क लावली, तिथेही तेच. मशीननं विचारलं असणार, की या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का. मॅडमनी 'सगळ्यांना हो' म्हटलं होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या बारशात एका नावाच्या दोघी नकोत म्हणणाऱ्या बाईनं, न वाचता.

मला राग आला होता, हे खोटं कशाला सांगू. ते पाणी त्या त्या महिन्याचं होतं, ते पुन्हा कुठल्या विहिरीत मिळणार नव्हतं. पण मॅडम तोवर खुर्चीवरून उठल्या होत्या.

"अकोल्याची डिस्क गेल्या शनिवारची आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात तुझी नावं आहेत. चल." रजेचा अर्ज नाही, डबा नाही, तांदूळ नाहीत. पर्स उचलली आणि निघाल्या.

एसटीनं मूर्तिजापूर गाठलं. खिडकीकडे बघत मॅडम म्हणाल्या, की सोमवारी सकाळी वहिनीचा फोन आला होता. दादा घराबाहेर पडला आणि परत यायचा रस्ता विसरला. भाजीवाल्यानं आणून सोडला. दिवाळीपासून असंच चाललं आहे, आठवते आणि विसरते. फोन ठेवला आणि मी तुझ्या फायलींना बसले. एवढं सांगून त्यांनी तिकीट नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. माझा राग तिथेच कुठेतरी उतरला असावा. अकोल्याला मी तो शोधला तेव्हा तो नव्हता.

बाळदादांनीच दार उघडलं. उंच, पांढरा लेंगा, बनियन, जानव्याला किल्ली. मॅडम म्हणाल्या, "दादा, मी." त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पाहुण्यांकडे बघावं तसं, अगदी अदबीनं.

"या, बसा. कोण पायजे तुमाले?"

मॅडम काही क्षण उभ्याच राहिल्या. मग बसल्या. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि त्यांना काय झालं ते कळलं. मॅडमनी घसा साफ करून सांगितलं, की कपाटात जी डिस्क आहे ती हवी आहे, निकड आहे.

दादा ताठ बसले. "ते माझ्या बहिणीचं आहे. तिनं सांगून ठेवलं, कोणाच्या हाती देजो नोको. ती शनवारी येते. तुमी शनवारी या."

मी सांगायला पुढे सरसावलो, की अहो, याच तुमच्या. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. वहिनी मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, की आता ते जेवून झोपतील, मी किल्ली काढून देते, रोज औषधासाठी काढतेच. मला ते फारच पटलं. पण मॅडमनी ऐकलं होतं.

"नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "त्यानं सांभाळलं आहे ते. त्याच्या नकळत नाही घ्यायचं."

शुक्रवार माझा होता, नियम त्यांचा होता. मी खुर्चीवर बसून राहिलो. समितीपुढे खाऱ्या विहिरींवर किती वेळ बोलता येईल, याचा विचार करत होतो.

मॅडमनी मात्र खुर्ची दादांजवळ ओढली आणि परक्या बाईनं विचारावं तसं विचारलं, "कशी आहे तुमची बहीण?"

दादांचा चेहरा उजळला. हुशार आहे म्हणाले. कॉलेजात मोठी मास्तरीण आहे, पण एकटी राहते, जेवते की नाही कोणाले मालूम, विचारलं तर रागावते. लहानपणी अंधाराला फार भ्यायची. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती, म्हणून तिला आई आठवत नाही. आणि मग ते सहज म्हणाले, "शकुंतला हे नाव शाळेत मास्तरनं घातलं. आई तिले ठमी म्हणे. ठमे, ठमे, करत अंगणभर घेऊन फिरे. मी तिले हे कधी सांगतलं नाही. रडली असती."

मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कसं म्हणे? आई?"

दादांनी म्हणून दाखवलं. म्हाताऱ्या, जाडसर आवाजात, पण शेवटचा स्वर वर नेऊन, जसा त्यांनी तो ऐकला असेल तसा. स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मी जमिनीकडे बघत बसलो.

मग मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी रिकाम्या हातानं आले." त्यांनी पर्स उघडली. तिच्यात एक कोरी डिस्क नेहमी असते. इतर बायकांच्या पर्समध्ये सुईदोरा असतो तशी. त्यांनी चिठ्ठी काढली, पेन काढलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे 'रिकामी'. अशा वेळेलासुद्धा खोटं नाव त्यांच्यानं लिहवलं नाही. चिठ्ठी डिस्कवर चिकटवली आणि दोन्ही हातांनी दादांपुढे धरली.

दादांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. बोटानं वर्षावर, मग महिन्यावर, मग दिवसावर टेकत गेले. मग मान वर करून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"शकू? आज बुधवारी कशी आली तू? अन् रिकामी काहून आणली?"

"काम होतं दादा," मॅडम म्हणाल्या.

"जेवली का?"

मग ते उठले, जानव्याची किल्ली लावून कपाट उघडलं, नवी डिस्क आत ठेवली, जुनी बाहेर काढली आणि बहिणीच्या हातात दिली. माझ्याकडे बघून विचारलं, हा कोण. मॅडमनी नाव, गाव, विषय सांगितला. दादांनी मान डोलावली आणि उद्या हा मेला तर याचं काम कोण पाहील, असं विचारलं. हा प्रश्न मॅडमना कोणाकडून मिळाला ते मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी समितीपुढे माझ्या गोड विहिरी खाऱ्यांशेजारी उभ्या होत्या. काम पुढे गेलं. मॅडमनी प्राचार्यांना आपण होऊन सांगितलं, की चूक माझी झाली, आणि फायलींची नावं बदलण्याआधी दुसऱ्या माणसानं ती वाचायची असा नवा नियम केला. तो दुसरा माणूस सध्या मी आहे. इतिहासाचे सर मला बघून बाथरूमकडे वळतात.

पण त्या बुधवारी परतीच्या एसटीत आणखी एक गोष्ट झाली होती. ती डिस्क मांडीवर धरून मॅडम म्हणाल्या, तू शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतो तो रेकॉर्डर मला शनिवारी दे. मी म्हटलं, घ्या की. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आई कशी हाक मारे ते त्याच्याशिवाय कोणाले माहीत नाही, गावंडे. साऱ्या कॉलेजच्या तीन-तीन प्रती केल्या मी. अन् माझ्या आईची एकच आहे, तीही पुसून राहिली."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, एवढंच.

आता मॅडम शनिवारी जातात त्या मुक्कामाला. दादा काही शनिवारी ओळखतात, काही शनिवारी नाही. न ओळखलं, की मॅडम चिठ्ठी पुढे करतात. चिठ्ठीनंही काम झालं नाही, तर परकी बाई होऊन बसतात, बहिणीची चौकशी करतात आणि रेकॉर्डर चालू ठेवतात. परक्या बाईला दादा जास्त सांगतात, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. हसत होत्या, पण नंतर बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

त्या रेकॉर्डिंगची एक प्रत मॅडमच्या घरी आहे. दुसरी अकोल्याच्या कपाटात, दादांच्या राखणीत. तिसरी दुसऱ्या गावात पाहिजे म्हणून वलगावला, आमच्या घरी, आईच्या लोखंडी पेटीत, तांदूळ घातलेल्या स्टीलच्या डब्यात. 'नाववाल्या बाईंचं काही मोलाचं दिसते' म्हणून आई त्या पेटीला हात लावू देत नाही.

प्रत नीट उतरली आहे का, हे पाहायला मॅडमनीच सांगितलं होतं, म्हणून मी ती एकदा लॅपटॉपला लावली. आत एकच फाईल होती. तिच्या नावात वर्ष नव्हतं, महिना नव्हता, दिवस नव्हता, गावही नव्हतं. नुसतं 'ठमी' असं लिहिलं होतं. नावं तपासायचं काम माझं आहे, पण मी ते तसंच ठेवलं.